लाल्या चूक कसा? खान्देशातल्या मराठीच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मराठी शिकवणाऱ्या सर्व गुरुजींना आणि बाईंना,

स. न. वि. वि.

मी मास्तर नाही. पारोळा तालुक्यात माझं दुकान आहे. पाटीवर 'कृषी सेवा केंद्र' लिहिलंय, लोक 'औषधाचं दुकान' म्हणतात. तुम्हाला व्याकरण शिकवायला निघालो तर तो आगाऊपणा होईल. पण रंगांच्या शब्दांत माझा सगळा दिवस जातो आणि तुमच्या वेळापत्रकात त्यांना जेमतेम एखादा तास मिळतो, तेवढ्या हक्कावर हे पत्र लिहितोय.

निमित्त अगदी साधं आहे. सातवीतली एक पोरगी बापाबरोबर दुकानात आली होती. बाप उधारीचा हिशेब करत होता, पोरगी खताच्या गोणीवर बसून वही चाळत होती. स्वाध्याय असा होता: रंगाचं नाव असलेले दहा शब्द किंवा वाक्प्रचार लिहा. तिने लालबुंद, हिरवागार, काळाबाजार, हात पिवळे करणे असे सात लिहिले होते, त्यांवर बरोबरच्या खुणा. शेवटचे तीन होते लाल्या, पांढरी माशी आणि पिवळं कार्ड. तिन्हींवर फुल्या, आणि बाजूला लाल शाईत शेरा: 'असे शब्द नाहीत.' शाळा कोणती, बाई कोण, ते मी सांगणार नाही. गाईडात जे छापलं ते बरोबर आणि बाकीचं चूक, ही सवय एका बाईंची नाही.

गुरुजी, हे तिन्ही शब्द आहेत. नुसते आहेत असं नाही, आपल्या तीन जिल्ह्यांत ते लालबुंदपेक्षा जास्त वेळा उच्चारले जातात.

लाल्याचंच घ्या. कपाशी बोंडांवर आली की पानं कडेने लाल व्हायला लागतात, मग शिरांमधला भाग, मग सगळं पान. हलक्या, मुरमाड रानात आधी. आम्ही त्याला रोग म्हणतो, पण तो रोग नव्हे, झाडाची उपासमार आहे. बोंडं पोसताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री गार व्हायला लागतात, तुडतुडे रस शोषून घेतात, मग पानातलं हरितद्रव्य घटतं आणि लाल रंगद्रव्य साठतं. शेतकरी येतो आणि म्हणतो, ''भाऊ, लाल्या पडी गया, काय मारू?'' मी मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी पुढे करतो. या सगळ्या व्यवहारात 'लाल' हा शब्द विशेषण राहिलेलाच नाही. त्याला शेपूट लागलं आणि तो नाम झाला, आणि तेही माणसासारखं वागणारं: लाल्या येतो, पडतो, जात नाही. तुमच्या शब्दसिद्धीच्या धड्यात यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

आणि तो एकटा नाही. गव्हावर तांबेरा येतो, त्यात तांबडा रंग दडलेला आहे. भेंडीवर, वेलवर्गीय पिकांवर भुरी येते, ती भुऱ्या रंगाची. पावसात सापडलेली ज्वारी काळी पडते, आणि बाजार समितीत 'काळी ज्वारी' एवढंच म्हटलं की भाव किती पडला हे सांगावं लागत नाही. पांढरी माशी पिवळ्या रंगावर भाळते म्हणून पिवळे चिकट सापळे लावतात, फुलकिडे निळ्यावर जातात म्हणून निळे. पाचवीच्या पोराला हे ठाऊक असतं, कारण बापाबरोबर सापळे बांधायला तोच गेलेला असतो.

गुलाबीखाली गाईडात एकच शब्द सापडतो: गुलाबी थंडी. तो आपल्याकडच्या कापूसवाल्याच्या ओट्यावर उच्चारून बघा. त्याच्या कानात गुलाबी म्हणजे बोंडअळी. 2017 च्या हंगामात तिने राज्यातल्या कपाशीची जी वाट लावली, ती इकडे कुणी विसरलेलं नाही. ही अळी लहान असते तेव्हा पांढुरकी असते, बोंडात शिरून सरकी खात वाढली की गुलाबी होते. आतून पोखरते, त्यामुळे बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. तिने धरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींत अडकून ते मिटल्या गुलाबासारखं राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. आणि तिचा जोर चढतो तो नेमका नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे निबंधातल्या गुलाबी थंडीतच. पोरांना निबंधात गुलाबी थंडी जरूर लिहू द्या, पण एखाद्याने 'यंदा गुलाबीमुळे फरदड घेतली नाही' (म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून पुन्हा पीक घेतलं नाही) असं लिहिलं, तर त्याने मराठीच लिहिलेली आहे.

कापसालाच वर्तमानपत्रं 'पांढरं सोनं' म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस हळूहळू पिवळा पडतो, घरातल्यांना खाज सुटते, आणि व्यापारी मूठभर कापूस उजेडात धरून ''पिवळा झालाय भाऊ'' म्हणतो तेव्हा ते सोनं किती उरलं ते कळतं. पिवळं झाल्यावर किंमत घटणारं सोनं हे एकच असावं.

आता मातीकडे येतो, कारण इथे तर गाईडाने फारच हात आखडता घेतलाय. 'काळी' म्हणजे काळ्या रंगाची, एवढाच अर्थ तिथे आहे. पण जुन्या मराठीत गावाचे दोन भागच रंगांनी पडत. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे घरं असलेली जागा, आपण आज गावठाण म्हणतो ती. जुन्या वतनी कागदांत 'काळी-पांढरी' म्हटलं की अख्खा गाव आला. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं ''पांढरीत जाऊन येतो'' म्हणतात. पांढरीतला पोरगा काळीत राबतो, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे आणि तिला दोन रंग पुरेसे आहेत.

पांढरी पांढरी का, हे पोरांना दाखवता येतं. शेकडो वर्षं एकाच जागी चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, चुना, सगळं थरावर थर साचलं की माती फिकट होते. जुन्या गावाच्या टेकाडाचा कापलेला कडा बघा, काळ्या रानात तो उठून दिसतो. पूर्वी ही माती लोक गाड्या भरभरून शेतात टाकत. पुराणवस्तूवाल्यांनाही तिचं महत्त्व ठाऊक आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावी 1955 साली असं टेकाड खणलं, तर खाली ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. गिरणेच्या काठी बहाळलाही त्याच दशकात उत्खनन झालं. प्रकाशे गावात निघालेल्या खापरांच्या एका प्रकाराला अभ्यासक 'काळी-तांबडी भांडी' म्हणतात, कारण ती आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी भाजलेली असतात. म्हणजे पांढरीच्या पोटात काळं-तांबडं. नंदुरबार-शहाद्याच्या शाळांना सहलीला याहून जवळचा भाषेचा धडा मिळायचा नाही.

काळीविषयी पोरांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पाय जातो, आणि पावसात ती फुगून चिकट होते. ज्या काळ्या दगडाची झीज होऊन ती बनली, त्याच दगडावरची रेघ म्हणजे 'काळ्या दगडावरची रेघ'. हा दगड, बेसाल्ट, कोरायला घट्ट असतो आणि त्यावर ओढलेली रेघ पांढरी उमटते. पोरांच्या हातात एक खडा आणि एक दगड द्या. अर्थ फळ्यावर लिहून द्यावा लागणार नाही.

एका म्हणीचा तर मला फार राग येतो, म्हणजे म्हणीचा नव्हे, तिच्या अर्थाचा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' पुढे कंसात: वाईट संगतीचा परिणाम. संपलं. यातली गंमत सगळी रंगात आहे आणि तीच गाळलेली. ढवळा म्हणजे धवल, पांढरा बैल. पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. आणि वाण म्हणजे इथे संक्रांतीचं वाण नव्हे, बियाण्याचं वाणही नव्हे, वाण म्हणजे वर्ण, रंग. दोन बैल एका दावणीला बांधले, याचा रंग त्याला लागला नाही, पण खोड लागली. पोरांना हे उलगडून सांगितलं की ती हसतात. मी सांगून बघितलंय, दुकानात, बैलाच्या औषधाची वाट बघत बसलेल्यांना. आणि बैलांची नावं विचारा हो वर्गात! ढवळ्या, पवळ्या, तांब्या, कबऱ्या, मोऱ्या. सातपुड्याकडच्या गावांत निमाडी बैल दिसतात, तांबड्या अंगावर पांढरे डाग असलेले, त्यांची नावं वेगळीच निघतील. ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले, तशी ही नावंही घराघरांतून जातायत. पोळ्याच्या आदल्या दिवशी एक तास याला द्याल तर बरं होईल.

जोडशब्दांकडे वळतो, कारण परीक्षेत तेच येतात. लाल + बुंद, काळा + कुट्ट, अशी फोड तुम्ही करून देता. दुसऱ्या तुकड्याला स्वतंत्र अर्थ नाही, तो फक्त रंग गडद करतो, असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. दुसरा तुकडाच सगळं ठरवतो. काळा रंग एकच, पण अंधार काळाकुट्ट, केस काळेभोर, कातळ काळाकभिन्न. काळेकुट्ट केस म्हणून बघा, कौतुक की निंदा तेच कळत नाही. जमिनीला आपण काळीभोर म्हणतो, काळीकुट्ट कधीच म्हणत नाही, कारण 'भोर' लावलं की त्यात माया येते. धोतर पांढरंशुभ्र, पण भ्यालेल्याचा चेहरा पांढराफटक. सोनं पिवळंधमक, कावीळ झालेला पिवळाफटक. म्हणजे 'फटक' पांढऱ्यालाही लागतो आणि पिवळ्यालाही, आणि दोन्हीकडे सांगतो एकच: जीव गेलाय यातला. चेहरा रागाने लालबुंद होतो, लुगडं लालभडक असतं, डाळिंबाचे दाणे लालचुटुक. चेहरा लालचुटुक झाला म्हणालात तर भांडणाचं लग्न होईल. पाणी खोल असेल तर निळंशार, आणखी खोल असेल तर काळंशार, शेत मात्र कधीच 'शार' नसतं, ते हिरवंगार. हिरव्याला गारवा जोडायचं सुचलं ते नक्कीच आपल्यासारख्या उन्हातल्या माणसाला सुचलं असणार. भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असताना हिरवं आणि गार हे दोन शब्द वेगळे काढून दाखवा.

'फटक'वरून आठवलं. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते, पथारीवर वाळत घातली जाते. तिच्यावर अवकाळी पाऊस पडला की रंग उडतो, मिरची पांढरी पडते. मिरचीच्या धंद्यात अशा मालाला 'फटकी' म्हणतात. वर्गात पांढराफटक शिकवताना नंदुरबारच्या पोराला फटकी विचारा, तो तुम्हाला भावासकट सांगेल.

रंगाचं नाव आणि प्रत्यक्ष रंग यांची फारकत झालेलेही शब्द आहेत, ते तर मला सर्वांत आवडतात. साक्री-धुळ्याकडे 'लाल कांदा' आणि 'उन्हाळ कांदा' असे दोन कांदे आहेत. उन्हाळ कांदाही लालसरच असतो, पण त्याला लाल म्हणायचं नाही. लाल म्हणजे खरिपाचा, लवकर खपवायचा, न टिकणारा. 'लाल' हे इथे हंगामाचं नाव आहे. आपला काळा मसालाही नीट बघितला तर तपकिरी असतो. आणि पांडुरंग? पांडू म्हणजे फिकट, पांढुरका. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी आषाढीला ज्याच्या भेटीला जाते, ती मूर्ती तर काळी. सावळ्याला पांडुरंग म्हणणाऱ्या भाषेत रंगांचे शब्द रंगपेटी बघून शिकवायचे म्हणजे अवघडच.

आता ज्या कारणासाठी मी खरं तर पेन हातात घेतलं, ते सांगतो. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर आणि पुड्यावर एक चौकोन छापलेला असतो, टोकावर उभा केलेला. मधून रेघ, त्यामुळे दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणात इशारा असतो, जहाल विष असेल तर कवटी आणि हाडं. खालच्या त्रिकोणात नुसता रंग. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हे प्रयोगातल्या प्राण्यांवरून ठरवतात. वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत पोटात गेलं आणि निम्मे प्राणी दगावले तर लाल, 51 ते 500 लागले तर पिवळा, 501 ते 5000 निळा, त्यापुढे हिरवा. लाल आणि पिवळ्यात दहापटीचं अंतर आहे, पण पिवळंही विषच आहे, यादीतलं दुसरं.

आणि इथे आपली भाषा माणसाला फसवते. पिवळा आपल्याकडे शुभ. हळद पिवळी, सोनं पिवळं, मुलीचे हात पिवळे केले म्हणजे बाप मोकळा झाला. हिरवा तर विचारूच नका: हिरवा चुडा, हिरवं रान, कुठलंही काम मार्गी लागलं की हिरवा कंदील. माणूस हे सगळे अर्थ डोक्यात घेऊनच दुकानात येतो. ''लाल नको भाऊ, पिवळं दे, पिवळं काही करत नाही.'' हे वाक्य मी हंगामात सारखं ऐकतो. हिरव्या त्रिकोणाचं औषध तर लोक हातमोज्याशिवाय बादलीत कालवतात, कारण हिरवं म्हणजे चालतं, असा हिशेब. एका आजोबांनी लाल त्रिकोण बघून मला डोळा मारला होता. त्यांच्या पिढीला लाल त्रिकोण म्हणजे कुटुंब नियोजन, भिंतीभिंतीवर रंगवलेला, टोक खाली असलेला. बाटलीवरच्या खालच्या त्रिकोणाचंही टोक खालीच असतं. आजोबांची चूक म्हणता येत नाही.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, सगळा दोष रंगाच्या अज्ञानावर टाकणार नाही. पण बाटलीवरचं बारीक अक्षर ज्या घरात कुणाला वाचता येत नाही, तिथे ते वाचून दाखवणारं पोर तुमच्याच वर्गात बसलेलं असतं. त्याला 'हिरवा कंदील दाखवणे म्हणजे परवानगी देणे' हे शिकवता, तेव्हाच 'हिरवा त्रिकोण म्हणजे परवानगी नव्हे' हेही सांगा. हा मराठीचाच धडा आहे, विज्ञानाच्या सरांकडे ढकलू नका.

सरकारी रंगांचंही असंच. पोरीने लिहिलेलं पिवळं कार्ड हे घ्या. राज्यात तिरंगी शिधापत्रिका 1 मे 1999 पासून आल्या. 15 हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्नाला पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून वर शुभ्र. तेव्हापासून 'आम्ही पिवळ्यात', 'ते केशरीत' असं गावाचं बोलणं झालं. सोयरीक जुळवताना एखादा हळूच विचारतो, ''कार्ड कुठलं?'' एवढा अर्थ वाहणारा शब्द 'नाही' कसा? नदीकाठच्या गावांत पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल रेषा आहेत. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ''घर निळीत येतं'' याचा अर्थ पांझरेच्या आणि गिरणेच्या काठच्या माणसाला वकिलाकडून समजून घ्यावा लागत नाही. लालफीत, काळी यादी, श्वेतपत्रिका, काळा पैसा हे शब्द इंग्रजीवरून आले, आता आपले झाले, त्यांच्याविषयी मला फार बोलायचं नाही. हिरवा कंदील मात्र आपण चांगला घडवला. भुसावळसारख्या जंक्शनवर कंदिलाला रंगीत काच लावून गाडी सोडायचे दिवस होते, ते त्या एका शब्दात राहिलेत.

एका बाबतीत मात्र तुम्ही जे शिकवता ते आहे तसं शिकवू नका. 'पांढऱ्या पायाची म्हणजे अपशकुनी.' 'कपाळ पांढरं होणे म्हणजे विधवा होणे.' मुली हे पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन गुण मिळवतात. यांना वगळा असं मी म्हणत नाही. भाषेत आहेत, गावात ऐकू येतात, लपवून काय उपयोग? पण हे कोण कुणाला म्हणतं, ते वर्गात विचारा. लग्नानंतर सासरा वारला, बैल मेला, पाऊस ओढला, की नव्या सुनेचे पाय पांढरे ठरतात. जावयाचे पाय पांढरे असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या कुंकू-बांगड्यांवर घाला घालणाऱ्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कपाळ पांढरं होण्याच्या शेजारी हा ठराव ठेवून शिकवला, तर वाक्प्रचार कळेल आणि बाकीचंही कळेल. तीच गोष्ट गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी या शब्दांची. बायोडेटात यांची उतरंड लागलेली असते. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुली 'काळीसावळी' ऐकत मोठ्या होतात आणि त्याच तासाला काळ्या आईवर निबंध लिहितात.

अजून एक, थोडक्यात. आपल्या अहिराणी पोरांच्या तोंडून ळ निघत नाही, य निघतो. धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया. तसाच काळ्याचा काया आणि पिवळ्याचा पिवया. लेखी परीक्षेत काळा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी 'कायी माटी' म्हणालं तर वर्गाला हसू देऊ नका, आणि गुण कापू नका. तो रंग ओळखतोय, आणि बरोबर ओळखतोय.

माझी मागणी मोठी नाही. शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हाच आमच्याकडे पेरणीची धांदल असते. पहिल्या पंधरवड्यात पोरांना घरून, शेतातून, बाजारातून रंगांचे शब्द आणायला सांगा. गाईडातले नकोत, कानावर आलेले. शब्द कुणी वापरला आणि कशाबद्दल, एवढं सोबत लिहायला लावा. धडगावच्या शाळेत वेगळे येतील, रावेरच्या केळीपट्ट्यात वेगळे, धुळ्याच्या शहरी वर्गात आणखी वेगळे. औषधाच्या त्रिकोणांचा तक्ता मी कुठल्याही शाळेला मोठ्या कागदावर छापून द्यायला तयार आहे, पैसे नकोत. फक्त रिकाम्या बाटल्या नमुना म्हणून वर्गात आणायला पोरांना सांगू नका. धुतलेली बाटलीही नको.

लाल शेऱ्याचा अधिकार तुमचा आहे. एखाद्या शब्दावर फुली मारण्याआधी त्या पोराला एकदा विचारा, हा शब्द घरात कोण म्हणतं?

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक औषधवाला,
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव

ता. क. फुल्या मारायच्याच असतील तर काही जागा मी सुचवतो. पोरं काळजी, काळवेळ, लालसा आणि गोरज मुहूर्त हे शब्दही रंगांच्या यादीत घालतात. काळवेळातला काळ घड्याळातला आहे, लालसेचा लाल रंगाशी काही संबंध नाही, आणि गोरज म्हणजे गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ. याला गुण देऊ नका, पण प्रयत्नाबद्दल पाठ थोपटा. निळकंठ लिहिलं तर पूर्ण गुण.